केबिनमनचा लाल तारा

माझं चहाचं हॉटेल चिंचवड स्टेशनच्या बाहेर, फाटकाच्या अलीकडे. हॉटेल म्हणजे पत्रा, चार बाकडी, एक भट्टी आणि मी. माणसं चहासाठी येत नव्हती, खोटं कशाला बोलू. चहा माझा मध्यमच. यायची ती ज्योतीरामनं आज कुणाची फिरकी घेतली ते ऐकायला.

नमुना सांगतो. पिंपरीकडं तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते. भरतीच्या दिवशी गेटवर ही गर्दी. मी एकदा कपबशा विसळता विसळता सहज म्हणालो, "आता म्हणे शिट्टी वाजवता येणाऱ्यालाच घेतात. मशीनच्या आवाजात हाक ऐकू जात नाही ना." बस्स, एवढंच. वर आईची शपथ. सोमवारी सकाळी एका गेटवर चाळीस माणसं ओठांचा चंबू करून उभी. पहारेकरी दंडुका घेऊन धावतोय, आणि हे आपले एका सुरात. त्यातले सहा जण खरंच लागले. त्यातला बबनराव रोज माझ्याकडे चहाला येतो आणि अजूनही शपथेवर सांगतो की शिट्टीमुळंच घेतलं.

असल्या गोष्टी मी छाती काढून सांगतो. एक मात्र सांगत नाही. तिच्यावर कुणी हसलेलं मला सोसणार नाही, म्हणून.

उद्धवराव स्टेशनच्या केबिनमध्ये होते. बार्शीकडचा माणूस, वय त्रेपन्न, रिटायर व्हायला दोन वर्षं. केबिन म्हणजे रुळाकडेची ती उंच खोली, काचाच काचा, आत लिव्हरची रांग. लिव्हर ओढलं की तार ताणते आणि लांबच्या खांबावर सिग्नल पडतो. दिवस मावळला की सिग्नलचे दिवे लागलेत की नाही हे केबिनमधून डोळ्यानं बघायचं. उद्धवरावांचा डोळा म्हणजे काय सांगू! आकुर्डीच्या बाजूचा अगदी शेवटचा दिवा धुक्यातसुद्धा सांगायचे, लागलाय की मिणमिणतोय. आणि त्याचा त्यांना गर्व होता. हळूच, दाढेखाली सुपारी ठेवल्यासारखा.

त्यांना एक तारा लागला होता. म्हणजे नादच. एकदा पुण्याचे एक रिटायर प्रोफेसर गाडी चुकून संध्याकाळभर आमच्या स्टेशनवर अडकले. त्यांनी उद्धवरावांना आकाश दाखवलं, आणि डोळा बघून इतके खूश झाले की पुढच्या खेपेला आपली जुनी दुर्बीण आणि एक नकाशा देऊन गेले. काम काय, तर मीरा नावाच्या ताऱ्याकडे रोज बघायचं, तो किती तेज आहे त्याचा आकडा वहीत लिहायचा आणि महिन्याच्या शेवटी आकडे कार्डावर लिहून पुण्याला धाडायचे. पुढं ते आकडे परदेशात जायचे. सहा वर्षं उद्धवरावांची अशी कार्डं चालली होती. चिंचवडच्या केबिनमनचे आकडे साता समुद्रापार कुणीतरी वाचतंय!

"रोज काय बघायचं त्यात?" भिमाजीनं एकदा विचारलं. भिमाजी म्हणजे गावातला जुना शेतकरी, पेरूच्या बागेचा मालक, पोट मोठं. "तारा म्हंजी तारा. आज हाय, उद्या बी हाय."

"हा नसतो," उद्धवराव म्हणाले. "दिसतो, मग विझत विझत पार नाहीसा होतो. साध्या डोळ्याला सात-आठ महिने दिसतच नाही. परत उगवतो. तीनशे बत्तीस दिवसांचा फेरा."

"कुठं जातो मग?"

"जात नाही. म्हातारा आहे तो. आपला सूर्य म्हातारा होईल तेव्हा असाच होईल. फुगलाय. सूर्याच्या जागी त्याला ठेवला तर आपली पृथ्वी त्याच्या पोटात. पार मंगळापर्यंत नुसता तोच. आणि तेवढं पोट घेऊन फुगतो, आक्रसतो, फुगतो, आक्रसतो. श्वास घेतल्यासारखा. एक श्वास अकरा महिन्यांचा."

"म्हणजे आपला भिमाजी झोपल्यावर," मी म्हणालो. हॉटेल हसलं. भिमाजीपण हसला, पोट धरून, अगदी ताऱ्यासारखा.

"पण एवढा मोठा, तर उजेड कमी का?" बबनरावानं विचारलं.

"थंड आहे. सूर्याच्या निम्मीसुद्धा आच नाही. म्हणून लाल."

त्यांच्या बघण्याचे दोन नियम होते. ते सांगितलेच पाहिजेत, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. पहिला, बघण्याआधी कालचा आकडा वाचायचा नाही, कुणाला विचारायचंही नाही. आपल्या डोळ्याला दिसलं ते लिहायचं. ताऱ्याच्या आजूबाजूला कायम एकसारखे असणारे दोन-तीन तारे आहेत, त्यांचे आकडे नकाशावर छापलेले. त्यांच्याशी ताडून बघायचं आणि ठरवायचं. आकडा जितका लहान, तितका तारा तेज. दुसरा नियम लाल रंगाचा. लाल ठिपक्याकडे टक लावायची नाही. जितका वेळ बघाल तितका तो उगाच मोठा वाटायला लागतो. एक नजर टाकायची, काढायची, परत टाकायची. "हे मला प्रोफेसरांनी शिकवलं नाही," उद्धवराव म्हणायचे. "हे मी सिग्नलकडून शिकलो."

सत्तावन्न सालचा नोव्हेंबर. रशियानं आकाशात चेंडू सोडलेला, त्यामुळं जो तो मान वर करून फिरत होता. अशात एका संध्याकाळी सात-साडेसातला उद्धवराव ड्यूटी संपवून हॉटेलात आले. चेहरा फुललेला.

"आला," म्हणाले. "दुर्बिणीशिवाय दिसला. चला, दाखवतो."

आम्ही मागं मोकळ्यावर गेलो. त्यांनी बोट केलं. "तो कृत्तिकांचा झुबका. तिथून खाली, उजवीकडे, दक्षिणेला. तो एक बऱ्यापैकी तेज, तो दुसरा त्याहून मंद, आणि त्यांच्या पलीकडं जरा मोकळं आहे ना, तिथं. लालसर. टक लावू नका."

मी बघितलं. भिमाजीनं बघितलं. बबनरावानं डोळे बारीक केले.

"नाही बुवा," मी म्हणालो. आणि हे मी आजही देवाशपथ सांगतो, पहिल्या दिवशी मला खरंच दिसला नाही. फार मंद होता, त्यांच्या डोळ्यालाच दिसावा इतका.

"दिसेल," ते हसले. "पाच-सहा दिवस थांबा. तुमच्यासारख्यांसाठीपण उगवतो तो."

तुमच्यासारख्यांसाठी! हा शब्द मला बोचला. तेवढाच. एवढ्याशा बोचण्यावर मी काय काय रचतो, ते हॉटेलात सगळ्यांना ठाऊक होतं.

आठवड्यानं ते परत आम्हाला मागं घेऊन गेले. आता तो होता. स्वच्छ होता. तांबूस, विडीचं टोक लांबून दिसावं तसा. मी त्याच्याकडे सरळ बघत म्हणालो, "कुठं? काय नाही तिथं."

भिमाजी माझ्याकडे वळला. मी अंधारात त्याच्या पायावर पाय दिला. भिमाजीला माझा पाय ओळखता येतो.

"न्हाई दिसत," भिमाजी म्हणाला.

"नाही हो," बबनराव म्हणाला. त्याला तर पाय पण द्यावा लागला नाही.

उद्धवरावांनी परत वर बघितलं, नजर काढली, परत टाकली. मग चहा न घेता गेले.

त्या संध्याकाळी आम्ही हसलो, काय सांगू! पुढचे दहा-बारा दिवस मी सगळ्या गिऱ्हाइकांना शिकवून ठेवलं. उद्धवराव विचारणारे नव्हते, त्यांचा नियमच होता. पण माणूस आहे. तीन-चार दिवसांनी विचारायला लागले. फाटकवाल्याला विचारलं, तो म्हणाला नाही. टांगेवाल्याला विचारलं, त्यानं तर डोक्यावरची टोपी काढून बघितलं आणि म्हणाला, "साहेब, ढग बी न्हाई, तारा बी न्हाई." मी भट्टीमागं तोंड लपवून हसत होतो. माझी बायको छबू तेवढी म्हणाली, "अहो, तो काय, लाल. मला दिसतोय की." मी म्हटलं, "गप्प, दोन दिवसांनी सांगणारच आहे." ती म्हणाली, "आजच सांगा." मी नाही सांगितलं. नाताळाला सांगू म्हटलं, जंगी करू, त्यांना हार घालू. रचलेली गंमत लवकर मोडायला माझा जीव होत नाही. तो माझा दोष. जन्माचा.

नाताळाच्या आधीच एका संध्याकाळी पुण्याकडची पॅसेंजर स्टेशनाबाहेर उभी राहिली. सहा मिनिटं. गिऱ्हाइकं बाकडी सोडून बघायला गेली. थोड्या वेळानं रुळांचे सांधे बदलणारा पॉइंटवाला धापा टाकत हॉटेलात आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "आज उद्धवरावाला काय झालं कळंना. लांबचा सिग्नल लाल जळत होता, चांगला जळत होता. मला म्हणाले, जा, चालत जाऊन बघून ये, खरंच जळतोय का. मी परत येऊन सांगेपर्यंत गाडी घेतली नाही."

मी हातातली किटली खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी कळलं, त्यांनी स्टेशनमास्तरला लेखी दिलंय. माझ्या नजरेचा भरवसा राहिला नाही, नसलेली लाल बत्ती दिसते, माझ्या हातून कुणाचा जीव जाण्याआधी तपासणीला पाठवा. सही. मास्तर तरी काय करणार? केबिनमधून खाली घेतलं, प्लॅटफॉर्मवर कंदिलात तेल भरायला लावलं. नऊ जानेवारीला पुण्याला रेल्वेच्या दवाखान्यात तपासणी.

मी तसाच त्यांच्या क्वार्टरवर गेलो. रुक्मिणीवहिनी उंबऱ्यात सोलाणे सोलत बसल्या होत्या. उद्धवराव आत खाटेवर, भिंतीकडे बघत.

"उद्धवराव, मी सांगायला आलोय. तारा आहे. आम्हाला सगळ्यांना दिसतो. मी सगळ्यांना खोटं बोलायला लावलं. माझी फिरकी होती."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता कानाखाली बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. त्यांचे डोळे भरून आले.

"ज्योतीराम," ते म्हणाले, "माझी नोकरी वाचावी म्हणून तू एवढं खोटं बोलतोयस, हे मी विसरणार नाही."

"अहो खोटं नाही! खरं बोलतोय!"

"बस. चहा घे."

"उद्धवराव, आईची शपथ—"

"त्या शिट्टीच्या वेळी पण तुम्ही आईचीच घेतली होती," वहिनी दारातून म्हणाल्या. हळू म्हणाल्या, रागानं नाही.

मी त्यांचा हात धरून अंगणात आणलं. दिवस नुकता मावळला होता, तारे फुटत होते. थांबलो. तो दिसायला लागला तसं बोट केलं. "तो बघा. दोघांच्या पलीकडं. लाल. मला दिसतोय म्हणून तर बोट करतोय ना?"

"जागा मीच दाखवली होती तुला," उद्धवराव म्हणाले.

मी धावत जाऊन भिमाजीला आणि बबनरावाला घेऊन आलो. भिमाजीनं तर हात जोडले, "चुकलं, राव. आमाला बी दिसत हुता." उद्धवराव त्यांच्याकडे बघून मान हलवत राहिले. "यांनापण शिकवून आणलंस," म्हणाले. वहिनी पदर तोंडाशी नेऊन मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भावजी, नका आता. माणूस आधीच खचलाय. मला तर चंद्र पण दोन दिसतात, मी कशी सांगू?"

पंचेचाळीस वर्षांचा झालो, खोटं बोलताना कधी अडलो नाही. सगळ्यांनी विश्वास ठेवला. एकदाच खरं बोललो आणि चिंचवडमध्ये ते घ्यायला कुणी तयार नव्हतं.

पुण्याला प्रोफेसरांच्या घरी गेलो. कुलूप. ते मुलीकडे नागपूरला, संक्रांत झाल्यावर येणार. शेजाऱ्यांकडून पत्ता घेऊन कार्ड टाकलं. उत्तर काही वेळेत आलं नाही.

नऊ तारखेला मी उद्धवरावांबरोबर गेलो. दवाखान्यात तपासणीच्या खोलीत काळा पडदा, आत अंधार. मी पडद्यापाशीच उभा होतो. डॉक्टर दिसले तसे पुढं झालो, "साहेब, एक मिनिट, यांचा डोळा चांगला आहे, मी यांना—" शिपायानं मला दंडाला धरून बाहेरच्या बाकावर बसवलं. बरोबरच होतं त्याचं. असा कोण कुणाच्या तपासणीत घुसतो?

उद्धवराव बाहेर आले आणि सरळ स्टेशनकडं चालायला लागले. गाडीत बसलो. शिवाजीनगर गेलं, खडकी गेली.

"काय झालं?" मी विचारलं.

"नापास."

"कसे काय? तुम्ही?"

त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं. आत एक कंदील असतो. त्याला बारीक भोक, भोकासमोर रंगीत काच फिरते. डॉक्टर विचारतात, काय दिसतं. हिरवा म्हणालो, पांढरा म्हणालो, परत हिरवा. सगळं बरोबर. मग भोक अगदी बारीक केलं. "तिथं लाल ठिपका दिसला. अगदी बारीक, मंद. तसाच, तुला सांगतो. तसाच. मग म्हटलं, नसणार. मला दिसतो आणि तिथं नसतो. डॉक्टर म्हणाले, काय दिसतं? मी म्हणालो, काही नाही."

"चार वेळा दाखवला म्हणे," ते म्हणाले. "चारही वेळा मी काही नाही म्हणालो."

मी दापोडीला गाडीतून उतरलो आणि पुण्याची गाडी पकडून परत दवाखान्यात गेलो. डॉक्टर गेले होते. कारकुनानं ऐकून घेतलं, वहीतून मान वर न करता. "सहा महिन्यांनी फेरतपासणीचा अर्ज करता येतो. त्यांनी करायचा. तुम्ही नाही."

संक्रांतीनंतर आठवड्यानं उद्धवराव हॉटेलात आले. हातात पोस्टकार्ड. त्यांनी ते माझ्यासमोर कपबशांच्या ताटात ठेवलं.

"वाच."

प्रोफेसरांचं होतं. तुमच्या मित्राचं पत्र नागपूरला मिळालं, काही अर्थबोध झाला नाही. डिसेंबरचे तुमचे आकडे इतर ठिकाणच्या लोकांशी उत्तम जुळतात. यंदा मीरा चांगला तेजस्वी झाला आहे. मात्र दहा तारखेपासून तुमच्या आकड्यांपुढे प्रश्नचिन्हे का? आणि शेवटच्या आठवड्यात काहीच का नाही? या आठवड्यात तो सर्वांत तेज असावा.

"म्हणजे तू खरं बोलत होतास," उद्धवराव म्हणाले.

"हो."

"त्या दिवशी," ते म्हणाले. "त्याच्या आधी नाही."

कार्ड उचललं आणि गेले. हॉटेलात बारा माणसं होती, एकही जण हसला नाही. त्या दिवसापासून उद्धवराव माझ्याकडे चहाला आले नाहीत. रोज संध्याकाळी कंदील घेऊन माझ्या दारावरूनच जायचे. तेलाचा वास आधी यायचा, मग ते. मी भट्टीत तोंड घालायचो.

जुलैमध्ये मी फेरतपासणीचा अर्ज लिहून त्यांच्याकडे नेला. सगळा लिहिलेला, फक्त सही राहिलेली. त्यांनी वाचला, घडी करून परत दिला.

"आता जाईन, लाल दिसेल, आणि परत मी विचार करीन की हे आहे का नाही. डॉक्टर थांबतील, ज्योतीराम. गाडी थांबत नाही."

दुर्बीण वहिनींनी माझ्याकडे दिली होती, प्रोफेसरांना परत करायला. मी गेलो, आणि सगळं सांगून टाकलं, शिट्टीपासून. त्यांनी चष्मा काढून पुसला. रागावले असावेत, पण शिकवायची खोड जात नाही या लोकांची. मी विचारलं, की तो एवढा विझतो म्हणजे नक्की काय होतं? ते म्हणाले, तुमची भट्टी विझत आल्यावर काय होतं? मी म्हटलं, उजेड जातो, कोळसा लाल दिसतो, पण हात धरवत नाही, ऊब तशीच. "तेच," ते म्हणाले. "तारा तिथेच असतो. फुगून थंड होतो, मग त्याचा ताप डोळ्याला न दिसणाऱ्या किरणांतून जातो. त्यात त्याच्याच वरच्या थरांत उजेड अडवणारी वाफ धरते. आपल्याला वाटतं संपला." दुर्बीण त्यांनी माझ्याकडे सरकवली. "सहा वर्षांच्या वहीत भोक पडलंय. पाडलंत तुम्ही, बुजवा तुम्ही."

मग मी बसलो. कोण, मी! ज्याला एका जागी पाच मिनिटं बसवत नाही. उन्हाळ्यात तारा सूर्याआड गेला होता. जुलैच्या शेवटी पहाटे भट्टी पेटवण्याआधी पूर्वेला शोधायचा, ढगांच्या फटीतून. दुर्बिणीतून सुद्धा धुळीच्या कणाएवढा. आकडा काढायचा आणि वहीत लिहायचा, कालचा न वाचता. गिऱ्हाइकं म्हणायची, ज्योतीराम नवीन काहीतरी रचतोय. म्हणू दे म्हटलं. पहिले दोन महिने माझे आकडे असे भलतेच यायचे की प्रोफेसर कार्डावर नुसतं एक उद्गारचिन्ह काढून पाठवायचे. छबू म्हणायची, "खोटं लिहू नका म्हणजे झालं." आणि खरं सांगतो, एखाद दिवशी ढग असले की हात शिवशिवायचा, मनानंच एक आकडा ठोकून द्यावा, कुणाला कळतंय? नाही दिला. "ढग" असं लिहिलं. आयुष्यात इतका कंटाळवाणा खरेपणा मी कधी केला नव्हता.

अठ्ठावन्नचा ऑक्टोबर संपत आला. आता तो संध्याकाळी उजळत होता, दुर्बिणीत रोज थोडा जास्त. एका संध्याकाळी, आठ वाजत असतील, मी दुर्बीण खाली ठेवून बघितलं आणि तो तिथं होता. नुसत्या डोळ्याला. लाल.

मी वहीतली दोन कोरी पानं फाडली, दोन पेन्सिली घेतल्या आणि प्लॅटफॉर्मवर गेलो. उद्धवराव टोकाला कंदिलाची काच पुसत होते.

"मी तारा दाखवायला आलो नाही," मी म्हणालो. "दिसतो की नाही ते पण सांगणार नाही. हे पान तुमचं, हे माझं. तुम्ही तुमचा आकडा लिहा, मी माझा. नकाशा तुम्हाला पाठ आहे. दिसला नाही तर 'नाही' लिहा. मग पानं बदलू."

त्यांनी काच पुसायचं थांबवलं नाही. मी पान आणि पेन्सिल बाकावर ठेवली, कंदिलांना पाठ करून प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या टोकाला गेलो आणि वर बघितलं. आकडा लिहिला. ४.६. मागं वळून बघायची हिंमत होत नव्हती. मुंबईकडची एक गाडी न थांबता निघून गेली, तिच्या खिडक्यांचा उजेड माझ्या पानावरून धावला आणि संपला. मग मागं तेलाचा वास आला.

उद्धवरावांनी माझ्या हातातलं पान घेतलं आणि त्यांचं दिलं. मी कंदिलाजवळ धरलं. अक्षर लहान, रेल्वेचं. ५.१. पुढं प्रश्नचिन्ह नव्हतं.

मी मनात म्हटलं, गेलं. अर्ध्या आकड्याचा फरक. आता हे म्हणणार, बघ, माझं चुकतं.

त्यांनी माझं पान वाचलं. मग परत वर बघितलं. एक नजर, काढली, परत टाकली.

"तुझं चुकलंय," उद्धवराव म्हणाले.

"माझं?"

"टक लावून बघितलंस. लालकडे टक लावायची नाही, किती वेळा सांगितलं होतं. ५.१ आहे तो." आवाज जरा चढलाच. "शंभर माणसं आणून उभी कर. ५.१."

मी काहीच बोललो नाही. बोललो असतो तर काहीतरी गमतीचं बोललो असतो.

त्यांनी कंदील उचलला, दोन पावलं गेले आणि थांबले. "तो अर्ज आहे का अजून? का भट्टीत घातलास?"

"आहे. चहाच्या डब्यात. जरा वास येईल."

डिसेंबरात त्यांची फेरतपासणी झाली. पास. चारही वेळा लाल म्हणाले. केबिन मात्र मिळाली नाही, तिथं आता नवा माणूस होता आणि यांची नोकरी वर्षभराचीच उरली होती. फाटकावर दिलं त्यांना, माझ्या हॉटेलापासून वीस पावलांवर. त्यामुळं मला ते रोज दिसतात. काचेच्या खोलीत बसणारा माणूस, आता टांगे अडवतो.

चहाला येतात. आम्ही रोज पानं बदलतो. अर्ध्याचा फरक आता दोन-तीन दशांशावर आलाय. त्यांनी मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही. विचारलं तर ते हो म्हणतील, आणि मला ते खरं मानावं लागेल.